‘फ्लाइंग हाय’ आणि विमानातले न दिसणारे काम

अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीवर २९ सप्टेंबर १९७८ रोजी ‘फ्लाइंग हाय’ नावाची मालिका सुरू झाली आणि चार महिन्यांच्या आत, जानेवारी १९७९ मध्ये, ती बंदही पडली. सनवेस्ट या काल्पनिक विमान कंपनीत नव्याने रुजू झालेल्या तीन तरुण हवाई सेविका, त्यांची मैत्री, त्यांचे प्रेमप्रसंग आणि मुक्कामाच्या गावी त्यांच्यापुढे उभे राहणारे पेच एवढाच या तासाभराच्या मालिकेचा ऐवज होता. मार्सी, लिसा आणि पॅम या तिघींच्या भूमिका अनुक्रमे पॅट क्लाउस, कॉनी सेलेका आणि कॅथरिन विट यांनी केल्या, तर कॅप्टन डग मार्च हे पात्र हॉवर्ड प्लॅट यांनी रंगवले. अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात या मालिकेच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते आणि तीही बहुधा सेलेका यांच्या पुढच्या कारकिर्दीच्या ओघात येते. तरीही ती अभ्यासण्याजोगी आहे, कारण ती प्रसारित होत होती त्याच काही महिन्यांत अमेरिकेतील विमान वाहतुकीचा आणि हवाई सेविकेच्या नोकरीचा पाया बदलत होता, आणि नाट्याची एवढी सामग्री हाताशी असताना मालिकेचा भर मात्र विमानाबाहेरच्या गमतीजमतींवर राहिला.

मालिकेचा प्रकार आधी समजून घेतला पाहिजे. अर्ध्या तासाची विनोदी मालिका, जिला सिटकॉम म्हणतात, ती त्या काळी बहुधा स्टुडिओतल्या दोन-तीन ठरावीक नेपथ्यांवर, समोर बसलेल्या किंवा ध्वनिमुद्रित प्रेक्षकांच्या हशाच्या साथीने चाले. तासाभराची नाट्यमालिका चित्रपटासारखी चित्रित होई आणि तिच्यात गुन्हा, आजार किंवा खटला यांपैकी काहीतरी बहुधा असे. या दोहोंच्या मधली, लांबीने नाट्यमालिकेची पण वळणाने हलकीफुलकी अशी जागा, म्हणजेच कॉमेडी-ड्रामा, अजून पुरती स्थिरावलेली नव्हती. एबीसी वाहिनीवर १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘द लव्ह बोट’ने ती जागा भलतीच लोकप्रिय करून दाखवली: एक प्रवासी जहाज, त्यावरचे कायमचे पाच-सहा कर्मचारी, दर आठवड्याला नवे प्रवासी आणि त्यांच्या एकमेकांत गुंफलेल्या दोन-तीन स्वतंत्र गोष्टी. जहाजावर जे जमले ते विमानात का जमणार नाही, असा विचार एखाद्या निर्मात्याच्या मनात आला असेल तर त्यात नवल नव्हते.

दुसरा धागा ‘चार्लीज एंजल्स’चा होता. सप्टेंबर १९७६ मध्ये एबीसीवर आलेल्या या मालिकेत तीन देखण्या तरुणी खासगी गुप्तहेर म्हणून काम करत, आणि तिच्या यशाने बाकीच्या दोन्ही मोठ्या वाहिन्या, सीबीएस आणि एनबीसी, अस्वस्थ झाल्या. एनबीसीचे अधिकारी पॉल क्लाइन यांनी अशा मालिकांना ‘जिगल टीव्ही’ असे हिणवले. कथेपेक्षा पात्रांच्या कमनीय हालचालींवर ज्यांची मदार आहे, अशा मालिका असा त्याचा मथितार्थ. तीन तरुणी, तीन स्वभाव, अंगाला घट्ट बसणारा गणवेश आणि सूर्यप्रकाशात न्हालेले लॉस एंजेलिस ही ‘फ्लाइंग हाय’ची मांडणी त्याच साच्यातून निघाली होती यात शंका नाही. मात्र मालिका फसण्याचे खापर एकट्या अनुकरणावर फोडणे पुरेसे नाही, कारण तोच साचा वापरणाऱ्या इतर मालिका त्या काळात चांगल्या चाललेल्या दिसतात.

त्या काळी कोणत्याही मालिकेचे भवितव्य नील्सन कंपनीच्या मोजणीवर ठरत असे. देशभरातील सुमारे बाराशे घरांतील दूरचित्रवाणी संचांना मोजयंत्र जोडलेले असे आणि त्यातून दोन आकडे निघत: संच असलेल्या एकूण घरांपैकी किती टक्के घरांनी कार्यक्रम पाहिला तो ‘रेटिंग’, आणि त्या वेळी ज्या घरांत संच चालू होते त्यांपैकी किती टक्के घरे या कार्यक्रमावर होती तो ‘शेअर’. तीनच मोठ्या वाहिन्या असल्याने साधारण तीस टक्क्यांचा शेअर ही जगण्या-मरण्याची रेषा मानली जाई. ‘फ्लाइंग हाय’ला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली होती आणि तिच्या आधी ‘वंडर वुमन’ व ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या अचाट शक्तीच्या नायक-नायिकांच्या मालिका लागत, ज्यांचा बाळगोपाळ प्रेक्षक दहा वाजता झोपायला जाई. वेळच वाईट होती असे म्हणावे, तर पुढचा इतिहास तसे म्हणू देत नाही. जानेवारी १९७९ च्या अखेरीस शुक्रवारी रात्री दहाच्या त्याच जागी सीबीएसने ‘डॅलस’ आणून बसवली आणि तेलाच्या विहिरी, मालमत्ता व भाऊबंदकी यांची ती कहाणी पुढची अनेक वर्षे अमेरिकेत घरोघरी पाहिली गेली. तेव्हा त्या वेळेला प्रौढ प्रेक्षक होता. त्याला आठवड्यामागून आठवडे बांधून ठेवील असे काहीतरी हवे होते.

विमानाच्या गोष्टीत तसे काही नव्हते काय? या प्रश्नाचे उत्तर हवाई सेविकेच्या पेशाच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास थोडा मागून पाहावा लागतो. १५ मे १९३० रोजी बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीच्या विमानातून एलेन चर्च ही परिचारिका शिकागोच्या दिशेने निघाली आणि ती जगातील पहिली हवाई सेविका मानली जाते. तिला खरे तर वैमानिक व्हायचे होते आणि त्याचे शिक्षणही तिने घेतले होते, परंतु कंपनीने तिला वैमानिकाच्या आसनावर बसवण्याऐवजी तिची दुसरी सूचना स्वीकारली: विमानात परिचारिका असतील तर उडायला घाबरणाऱ्या लोकांना धीर येईल. तिच्यासह आठ परिचारिका नेमल्या गेल्या. त्या अविवाहित असाव्यात, वयाने पंचविशीच्या आतल्या असाव्यात आणि त्यांची उंची व वजन बुटक्या, अरुंद केबिनला पेलेल इतकेच असावे, अशा अटी होत्या. या पहिल्या पिढीच्या नोकरीत दोन कामे एकत्र होती. एक, माणसाच्या जिवाची काळजी; दुसरे, त्याला बरे वाटेल असे वागणे. पुढच्या चार दशकांत कंपन्यांनी दुसरे काम सतत पुढे आणले आणि पहिले पडद्याआड सारले.

याला आर्थिक कारण होते. अमेरिकेत १९३८ पासून विमानाचे भाडे आणि मार्ग सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवत असे. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या दोन कंपन्यांचे भाडे जवळपास सारखेच असेल तर ग्राहक ओढायचा कशाने? जेवणाने, आसनाच्या ऐसपैसपणाने, १९७० च्या दशकाच्या आरंभी तर जंबो विमानात ठेवलेल्या पियानोने. आणि या सर्वांपेक्षा स्वस्त पडणाऱ्या गोष्टीने, म्हणजे सेविकेच्या रूपाने. ब्रॅनिफ कंपनीने १९६५ मध्ये इटालियन वेशकार एमिलिओ पुच्ची यांच्याकडून गणवेश करून घेतले आणि प्रवासात एकेक वरचा कपडा उतरवत जाणारी सेविका जाहिरातीत दाखवली. नॅशनल एअरलाइन्सने १९७१ मध्ये सेविकेचे हसरे छायाचित्र आणि तिचे पहिले नाव छापून द्व्यर्थी आमंत्रण देणारी मोहीम चालवली. कॅलिफोर्नियातील पीएसए आणि टेक्सासमधील तिच्यासारख्या एकाच राज्यात उडणाऱ्या कंपन्या या मंडळाच्या कक्षेबाहेर होत्या, त्यांची भाडी खरोखरच कमी होती, तरी आखूड कपड्यांची मोहीम त्यांनीही सोडली नाही. म्हणजे भाड्याचे नियंत्रण हे एक कारण झाले, पुरुष प्रवाशाची खुशामत हे दुसरे.

या प्रतिमेला पुस्तकांनी खतपाणी घातले. १९६७ मध्ये निघालेले ‘कॉफी, टी ऑर मी?’ हे दोन सेविकांचे आत्मकथन म्हणून प्रचंड खपले. प्रत्यक्षात ते डोनाल्ड बेन या पुरुष लेखकाने लिहिले होते, ज्याने विमान कंपनीच्या जनसंपर्क विभागात नोकरी केलेली होती. सेविका म्हणजे मौजमजेला सदैव तयार असलेली तरुणी, हे चित्र अशा प्रकारे खुद्द सेविकेच्या तोंडी घालण्यात आले, आणि १९७३ मध्ये सीबीएसनेच त्यावर दूरचित्रवाणीपट दाखवला. ‘फ्लाइंग हाय’ची वंशावळ शोधताना ‘चार्लीज एंजल्स’च्या बरोबरीने या पुस्तकाचे नाव घ्यावे लागते.

मात्र मालिकेच्या निर्मितीपर्यंत प्रत्यक्ष नोकरी पार बदलली होती, आणि हे बदल कोणी आपणहून दिलेले नव्हते. अमेरिकन एअरलाइन्सने १९५३ पासून सेविकांना वयाच्या ३२ व्या वर्षी निवृत्त करण्याचा नियम केला होता. लग्न झाल्यास राजीनामा ही तर बहुतेक कंपन्यांची रीतच होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, त्यातील सातव्या प्रकरणाने नोकरीत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली, आणि तो कायदा राबवण्यासाठी नेमलेल्या आयोगाकडे पहिल्या काही दिवसांतच तक्रारी घेऊन येणाऱ्यांत हवाई सेविका होत्या. मेरी स्प्रोगिस या सेविकेला युनायटेड एअरलाइन्सने लग्नाच्या कारणावरून १९६६ मध्ये काढले होते. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. त्याच वर्षी सेलिओ डियाझ या पुरुषाने पॅन अॅमविरुद्ध केलेल्या दाव्याचा निकाल लागला आणि विचारांच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. डियाझ यांना केवळ पुरुष म्हणून नोकरी नाकारण्यात आली होती. घाबरलेल्या प्रवाशाला धीर देण्याचे काम स्त्रीच अधिक चांगले करू शकते, असा कंपनीचा बचाव होता आणि त्याच्या पुष्टीसाठी एरिक बर्न या नामवंत मनोविकारतज्ज्ञाची साक्षही काढण्यात आली होती. अपील न्यायालयाने म्हटले, की विमान कंपनीचे मूळ काम प्रवाशाला सुरक्षित पोचवणे हे आहे; प्रसन्न वातावरण ही त्याला लागून येणारी बाब आहे आणि तेवढ्यासाठी अर्ध्या मानवजातीला नोकरी नाकारता येणार नाही. एलेन चर्चच्या काळापासून एकत्र नांदलेल्या दोन कामांपैकी मूळ कोणते आणि दुय्यम कोणते, हे अशा रीतीने न्यायालयाने स्पष्ट केले.

नॉर्थवेस्ट एअरलाइन्समध्ये तेच काम करणाऱ्या पुरुष पर्सरना, म्हणजे केबिनप्रमुखांना, अधिक पगार मिळतो म्हणून मेरी लॅफी यांनी १९७० मध्ये दावा लावला, १९७३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यावरची अपिले १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिली. १९७२ मध्ये हवाई सेविकांनी स्त्रीहक्कांसाठी स्वतःची संघटना काढून जाहिरातींविरुद्ध निदर्शने केली. १९७८ पर्यंत केबिनमध्ये विवाहित बायका होत्या, मुलांच्या आया होत्या, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया होत्या आणि पुरुषही होते. पडद्यावर मात्र पुन्हा तीन अविवाहित तरुणीच आल्या.

येथे भारताची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण हाच लढा थोड्याच काळाने, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाच्या सेविकांनी लढला. वयाची पस्तीस वर्षे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न किंवा पहिले गरोदरपण यांपैकी जे आधी येईल तेव्हा सेविकेची नोकरी संपावी, असा कंपनीचा नियम होता आणि पुरुष कर्मचारी मात्र ५८ व्या वर्षापर्यंत काम करू शकत. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये पहिल्या गरोदरपणाची अट मनमानी ठरवून रद्द केली, आणि पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारी तरतूदही मोडीत काढली. चार वर्षांच्या लग्नबंदीला मात्र न्यायालयाने हात लावला नाही आणि स्त्री-पुरुषांचे संवर्ग वेगळे असल्याने सेवाशर्तींतील फरक हा भेदभाव नाही, असेही मानले. डियाझ खटल्यातील स्पष्टतेशी तुलना करता हा निकाल अर्ध्यावर थांबलेला आहे, हे नोंदवले पाहिजे.

आता ‘फ्लाइंग हाय’च्या त्या काही महिन्यांकडे पाहावे. मालिका सुरू होण्याच्या चार दिवस आधी, २५ सप्टेंबर १९७८ रोजी, पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ विमान सॅन दिएगो शहरावर एका छोट्या सेसना विमानाला धडकून कोसळले आणि दोन्ही विमानांतील सर्व माणसे व जमिनीवरील सात जण मिळून १४४ माणसे मृत्युमुखी पडली. २४ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान वाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. भाडे आणि मार्ग ठरवण्याचा सरकारी अधिकार टप्प्याटप्प्याने संपणार होता आणि सेविकेच्या रूपावर ग्राहक ओढण्याचे आर्थिक कारण त्याबरोबर नाहीसे होणार होते. अवघ्या एका आठवड्याने, ३१ ऑक्टोबर रोजी, गरोदरपणावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या कायद्यावरही त्यांनी सही केली. एका पेशाचे अर्थकारण आणि त्या पेशातील बाईचा देह, दोन्हींविषयीचे नियम एकाच आठवड्यात पालटले, असा योग क्वचितच येतो.

त्यानंतर २८ डिसेंबर १९७८ ची रात्र आली. युनायटेडच्या १७३ क्रमांकाच्या डीसी-८ विमानात १८९ माणसे होती आणि पोर्टलंड शहराजवळ उतरण्याच्या बेतात असताना चाकांचा गोंधळ झाल्याचे वैमानिकांच्या लक्षात आले. सुमारे तासभर विमान शहराभोवती घिरट्या घालत राहिले. त्या वेळात केबिन कर्मचारी प्रवाशांना आपत्कालीन उतरणीसाठी तयार करत होते, डोके कसे झुकवायचे आणि दार कोणाच्या बाजूचे आहे हे समजावून देत होते. वैमानिकांचे लक्ष चाकांत आणि या तयारीत गुंतून राहिले, इंधन संपले आणि विमान उपनगरातील झाडांत कोसळले. दहा माणसे गेली, त्यांत एक फ्लाइट इंजिनिअर आणि एक हवाई सेविका होती. टाक्या कोरड्या असल्याने मोठी आग भडकली नाही आणि बाकीचे वाचले. या अपघाताच्या चौकशीतून कॉकपिटमधील माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे शास्त्रच तयार झाले. युनायटेडने १९८१ मध्ये त्याचे पद्धतशीर प्रशिक्षण सुरू केले आणि ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ते पुढे जगभर पसरून केबिनपर्यंत पोचले.

केबिन कर्मचाऱ्यांचे हे काम नेमके काय असते, ते एका दारापाशी उभे राहून पाहिले म्हणजे कळते. बोइंग ७३७ च्या दाराच्या आतल्या अंगाला खाली एक फुगीर पेटी असते. तिच्यात घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते आणि तिच्या खालच्या टोकाला धातूची एक आडवी पट्टी असते. दार बंद झाल्यावर कर्मचारी खाली वाकून ती पट्टी दाराच्या उंबऱ्याजवळ जमिनीत बसवलेल्या दोन खोबणींत अडकवतो आणि दाराच्या काचेवरून तिरपा लाल पट्टा ओढतो. आता दार उघडले तर पट्टी जमिनीला धरून राहील, घडी ओढली जाईल आणि घसरगुंडी काही क्षणांत फुगेल. उतरल्यावर पट्टी आठवणीने काढून ठेवायची. ती विसरली आणि दार उघडले तर बाहेर शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. दिवसाला चार उड्डाणे असतील तर हे वाकणे चार वेळा आणि काढणे चार वेळा, शिवाय समोरच्या दारावरील सहकाऱ्याने प्रत्येक वेळी ते तपासायचे. प्रवाशाला त्यातले काहीच दिसत नाही. त्याच्या नजरेस पडतो तो वाकलेला गणवेश.

उड्डाणाच्या वेळी हा कर्मचारी घडीच्या छोट्या आसनावर पाठ ताठ ठेवून बसतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर शांतपणा असला तरी मनात उजळणी चाललेली असते: आपले दार कोणते, ते कोणत्या दिशेला फिरवायचे, बाहेर आग असेल तर दुसरे कोणते, ओरडून द्यायच्या आज्ञा कोणत्या, तिसऱ्या रांगेतील धडधाकट प्रवासी मदतीला घेता येईल काय. प्रशिक्षणात याला ‘मूक उजळणी’ म्हणतात. चव्वेचाळीसपेक्षा अधिक आसनांचे विमान अमेरिकेत प्रमाणित व्हायचे तर निम्मीच दारे वापरून ते नव्वद सेकंदांत रिकामे करून दाखवावे लागते, आणि तो नव्वद सेकंदांचा हिशेब प्रत्यक्षात उतरवणारी माणसे हीच असतात. मुंबईहून निघालेल्या पॅन अॅमच्या विमानाचे ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरण झाले, तेव्हा हवाई सेविका नीरजा भनोत यांनी वैमानिकांना सावध केले, सहकाऱ्यांनी अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले आणि गोळीबार सुरू होताच दार उघडून प्रवाशांना बाहेर काढताना नीरजा यांनी प्राण दिले. वयाची तेवीस वर्षेही त्यांना पुरी झालेली नव्हती. त्या धैर्याला सर्वजण नमन करतात, परंतु दार कसे आणि केव्हा उघडायचे हे त्यांना शिकवलेले होते, त्या पेशाचे ते मूळ काम होते, हे सांगितले जात नाही.

प्रवाशाला हे काम दिसू नये अशीच त्याची रचना आहे, कारण ते दिसले तर भीती दिसते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी डेल्टा कंपनीच्या अटलांटा येथील प्रशिक्षण केंद्रात जाऊन हा विषय अभ्यासला आणि १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली: स्वतःच्या भावना आवरून किंवा मुद्दाम निर्माण करून समोरच्याच्या मनात ठरावीक भावना जागवणे, आणि हे पगारासाठी करणे. हसू हा त्या श्रमाचा भाग आहे, जसा गिरणीत हात हा श्रमाचा भाग असतो. सेविकेचे हसू हाच तिचा स्वभाव आहे असे जाहिरातीने सांगितले होते. ते तिचे काम आहे, असे हॉकशिल्ड यांनी दाखवले. दूरचित्रवाणीला हा फरक कळला असता तर हवाई सेविकेच्या जीवनात मालिकेला पुरेल इतका अंतर्विरोध सापडला असता.

अर्थात विषयाबरोबर घाटाचाही दोष होता आणि तो मान्य करावा लागतो. ‘द लव्ह बोट’मधील प्रवासी दिवसचे दिवस जहाजावर राहतात, डेकवर भेटतात, जेवणाच्या टेबलावर भांडतात. विमानातील प्रवासी पट्ट्याने बांधलेला असतो, एकाच दिशेला तोंड करून समोरच्या आसनाच्या पाठीकडे पाहत असतो आणि चार तासांत उतरून जातो. अरुंद मार्गिकेत कॅमेरा फिरवायला जागा नसते, दोन पात्रांनी समोरासमोर उभे राहून बोलायचे तर मागचे स्वयंपाकघर सोडून ठिकाण नसते. म्हणून विमानाची मालिका प्रत्येक भागात विमानातून खाली उतरते आणि हॉटेल, समुद्रकिनारा, कोणाचे तरी घर यांत रेंगाळते. उतरली की ती इतर कोणत्याही मालिकेसारखी होते. याचा पुरावा ‘फ्लाइंग हाय’मधील नटींच्या पुढच्या वाटचालीतच मिळतो. कॉनी सेलेका यांना स्थिर यश मिळाले ते १९८३ ते १९८८ या काळात चाललेल्या ‘हॉटेल’ या मालिकेत, जिथे पाहुणे बदलतात पण वास्तू आणि कर्मचारी कायम राहतात. पॅट क्लाउस पुढे ‘द लव्ह बोट’वरच क्रूझ डायरेक्टर म्हणून रुजू झाल्या. बदलते पाहुणे आणि ठरलेले यजमान हा साचा लोकांना हवाच होता, फक्त त्याला पायाखाली जमीन, निदान डेक, लागत होता.

प्रत्यक्ष नोकरीतही सहकारी ठरलेले नसतात. अमेरिकन कंपन्यांत कर्मचारी दर महिन्याला पुढच्या उड्डाणांसाठी ‘बिड’ करतात, म्हणजे पसंतीक्रम देतात, आणि सेवाज्येष्ठतेनुसार ती वाटली जातात. नव्यांच्या वाट्याला उरलेले येते किंवा फोनची वाट पाहत घरी बसणे येते. नुकत्याच रुजू झालेल्या तीन मैत्रिणी दर आठवड्याला एकाच विमानात असणे हे म्हणूनच या व्यवस्थेत जवळजवळ अशक्य आहे. या ज्येष्ठतेच्या शिडीतच रुसवे, तडजोडी, तुटलेली लग्ने आणि जमलेली मैत्री यांची केवढी सामग्री आहे, हे त्या कर्मचाऱ्यांशी बोललेल्या कोणालाही जाणवते.

नियंत्रणमुक्तीनंतर ही सामग्री आणखी वाढली. भाडी पडली, प्रवासी वाढले, १९८२ मध्ये ब्रॅनिफ बंद पडली, १९८३ मध्ये कॉन्टिनेंटलने दिवाळखोरीचा आधार घेऊन पगार छाटले. १९८६ मध्ये टीडब्ल्यूएच्या सेविकांनी संप केला; इतर कर्मचाऱ्यांपेक्षा आपल्याकडून मोठी कपात मागितली गेली आणि या बायका काही घरच्या मिळवत्या नाहीत असे त्यामागचे गृहीत होते, असा त्यांच्या संघटनेचा आरोप होता. तो संप सेविकांना महागात पडला, कारण कंपनीने बदली माणसे भरती केली. २००३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने केबिन कर्मचाऱ्यांना सुरक्षाविषयक प्रावीण्याचे सरकारी प्रमाणपत्र देण्याचा कायदा केला, आणि जे डियाझ खटल्यात १९७१ मध्ये म्हटले गेले होते त्याला तीन दशकांनी कागदी रूप मिळाले.

दूरचित्रवाणीने या पेशाकडे पुन्हा मोठ्या खर्चाने पाहिले ते २०११ मध्ये, एबीसीच्या ‘पॅन अॅम’ या मालिकेत. कथाकाळ १९६३ चा होता, क्रिस्टिना रिची आणि तेव्हा फारशा परिचित नसलेल्या मार्गो रॉबी तिच्यात होत्या, आणि पहिल्याच भागात सेविकांचे वजन व अंतर्वस्त्रांची तपासणी दाखवण्याचे धाडस तिने केले. ती तपासणी हा त्या मालिकेचा सर्वांत खरा क्षण होता. पण त्याच भागापासून एका सेविकेला गुप्तहेर खात्याच्या कामाला जुंपण्यात आले, म्हणजे केबिनमधील काम नाट्याला पुरणार नाही अशी शंका निर्मात्यांनाही होतीच. चौदा भागांनंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये मालिका थांबली. २०२० मधील ‘द फ्लाइट अटेंडंट’ मात्र टिकली आणि तिचा दुसरा भागसंचही निघाला. तिच्यातील खून बँकॉकच्या हॉटेलात घडतो आणि कॅली कुओको यांनी रंगवलेली नायिका बहुतांश वेळ जमिनीवर धावते. तरी तिच्या दारूच्या सवयीत, तुटक झोपेत आणि गणवेश चढवताच उमटणाऱ्या हसण्यात हॉकशिल्ड यांनी वर्णिलेला भावनिक श्रम प्रथमच मालिकेच्या मध्यभागी आलेला दिसतो. विमानाच्या दारातील धातूची ती पट्टी कथेच्या केंद्रस्थानी आणणारी मालिका मात्र अमेरिकेतील या तीन प्रयत्नांत झालेली नाही.